मामा, माझे गेम चालतील का?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा लॅपटॉप काखोटीला मारून आला. यंत्र सात वर्षांचे, पण धडधाकट. विंडोज ११ त्यावर बसत नाही आणि विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मी म्हटले, लिनक्स टाकून देतो. सुरक्षा, वेग, खर्च यांबद्दल त्याने काही विचारले नाही. एकच प्रश्न विचारला, "मामा, माझे गेम चालतील का?"

"बहुतेक चालतील," मी म्हणालो. या 'बहुतेक'च्या पोटात तीस वर्षांची मेहनत आहे. ती त्याला नीट सांगता यावी म्हणून ही वही उघडली.

*

विंडोजसाठी लिहिलेला गेम दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आणायच्या वाटा दोन.

पहिली नेटिव्ह पोर्टची. गेमचा सोर्स कोड ज्यांच्याकडे आहे त्यांनी विंडोजशी बांधलेला भाग सोडवायचा, त्या जागी लिनक्सचा किंवा मॅकचा भाग बसवायचा आणि नवी प्रत तयार करून द्यायची. हे रूपांतर झाले. पुलंनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली आणि ते नाटक मराठी घरात जन्मल्यासारखे वावरू लागले. चांगला पोर्ट तसा वावरतो.

दुसरी वाट कम्पॅटिबिलिटी लेयरची. गेमला हात लावायचा नाही. तो विंडोजच्याच भाषेत बोलत राहणार. मध्ये एक दुभाषी बसवायचा. १६७४ साली हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला तेव्हा इंग्रजांची बोलणी नारायण शेणवी या दुभाष्यामार्फत झाली. दोन्ही बाजू आपापल्या भाषेत बोलल्या आणि कामही झाले. वाइन आणि प्रोटॉन ही या दुभाष्याचीच नावे.

*

मी बरीच वर्षे पोर्टच्या बाजूचा होतो. आपल्या सिस्टीमसाठी कुणीतरी मुद्दाम बसून काम केले, यात एक मान वाटायचा. दुभाष्यावर भागवणे म्हणजे पाहुण्यासारखे ओसरीवर बसणे, असे मी मित्रांना तावातावाने सांगत असे. आज मी तसे म्हणत नाही. मत एका दिवसात बदलले नाही. का बदलले ते पुढच्या टिपणांत येईल.

*

वाइनची सुरुवात १९९३ ची. बॉब अॅमस्टाट आणि एरिक यंगडेल यांना लिनक्सवर विंडोज ३.१ चे प्रोग्राम चालवायचे होते. पुढच्याच वर्षी सूत्रे अलेक्झांडर ज्युलियार्ड यांच्याकडे आली, ती आजही त्यांच्याकडेच आहेत. पहिली अधिकृत १.० आवृत्ती निघाली १७ जून २००८ ला. म्हणजे पंधरा वर्षे हे लोक 'अजून तयार नाही' असे प्रामाणिकपणे सांगत काम करत राहिले.

कामाची शिस्तही लक्षात ठेवण्यासारखी. मायक्रोसॉफ्टचा सोर्स कोड ज्याने पाहिला आहे त्याचे काम वाइन घेत नाही. मग विंडोज आतून कसे वागते हे कळायचे कसे? बाहेरून विचारून. छोटे छोटे चाचणी-प्रोग्राम लिहायचे, खऱ्या विंडोजवर चालवायचे, काय उत्तर येते ते टिपायचे, आणि वाइनकडून नेमके तेच उत्तर येईपर्यंत थांबायचे नाही. विंडोजचे उत्तर चुकीचे असेल तर तीच चूक करायची, कारण एखादा गेम त्या चुकीवरच उभा असतो.

*

वाइन हा एम्युलेटर नाही. तशी जाहिरात त्याच्या नावाच्या लांब रूपातच केलेली आहे. एम्युलेटर अख्ख्या यंत्राचे सोंग उभे करतो. इथे प्रोसेसर तोच असतो. गेमचे हिशेब, शत्रूची चाल, चेंडूची उडी हे सगळे थेट प्रोसेसरवर चालते. गेम जेव्हा 'फाइल उघड', 'आवाज काढ', 'खिडकी दाखव' असे विंडोजला सांगू पाहतो, तेवढ्याच वेळी दुभाषी पुढे येतो. म्हणून दुभाष्याचा खर्च लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.

*

भाच्याला हे दाखवायचे होते. त्याचा एक गेम बसवला, मग प्रोटॉनने त्या गेमपुरते केलेले फोल्डर उघडले. आत 'सी ड्राइव्ह' नावाचे साधे फोल्डर. त्यात 'विंडोज', त्यात 'सिस्टीम३२', शेजारी 'प्रोग्राम फाइल्स', 'युजर्स'मध्ये 'स्टीमयुजर' नावाचा एक रहिवासी. विंडोजची रजिस्ट्री म्हणजे साध्या मजकुराची फाइल; नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये उघडली तर ओळ न् ओळ वाचता येते.

तो बराच वेळ आत-बाहेर करत राहिला. "म्हणजे गेमला वाटतंय की तो विंडोजच्या घरात राहतो?"

"हो. आणि प्रत्येक गेमला वेगळं घर. एकाचं बिघडलं तर दुसऱ्याला धक्का नाही. बिघडलेलं पुसून टाकलं की प्रोटॉन नवं बांधतो."

*

चित्राचे काम सर्वांत अवघड. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे साडेसोळा मिलिसेकंद येतात. तेवढ्यात गेम डायरेक्टएक्सच्या भाषेत हजारो हुकूम सोडतो: हा दरवाजा, त्याचे इतके त्रिकोण, त्यावर हे लाकडाचे चित्र, उजवीकडून कंदिलाचा उजेड. लिनक्सवरच्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरला डायरेक्टएक्स कळत नाही, वल्कन कळते. मधला डीएक्सव्हीके हे हुकूम ऐकतो आणि वल्कनच्या रीतीने मांडून पुढे देतो. शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. डायरेक्टएक्स ११ मध्ये बरीच व्यवस्था ड्रायव्हर गुपचूप पाहायचा. वल्कनमध्ये ती स्वतः सांगावी लागते. न सांगितलेलेही समजून घ्यावे लागते.

मग शेडर. प्रकाश आणि रंग कसे पडावेत हे सांगणारे हे छोटे प्रोग्राम गेमसोबत डायरेक्टएक्सच्या साच्यात येतात. त्यांचे आधी वल्कनच्या साच्यात आणि मग कार्डाच्या भाषेत भाषांतर व्हायचे. पहिल्यांदा एखादा स्फोट झाला की गेम क्षणभर अडखळायचा, कारण भाषांतर तेव्हाच चाललेले असे. गेम जिथून विकत घेतो ते स्टीम हे ऑनलाइन दुकान आज हे काम बरेचसे आधीच उरकून ठेवते. गेम सुरू होण्याआधी 'शेडर तयार होत आहेत' अशी पट्टी सरकताना दिसते, ती याचसाठी.

*

डीएक्सव्हीके कसा जन्मला? फिलिप रेबोले या जर्मन तरुणाला 'नीअर: ऑटोमाटा' लिनक्सवर खेळायचा होता. तो चालत नव्हता, म्हणून २०१७ च्या अखेरीस त्याने भाषांतराचे काम स्वतःच सुरू केले. २०१८ च्या सुरुवातीला स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याला हेच काम पूर्णवेळ दिले. २१ ऑगस्ट २०१८ ला प्रोटॉन जाहीर झाला: वाइन, डीएक्सव्हीके आणि कोडविव्हर्स कंपनीच्या लोकांचे अनुभवी हात, असे सगळे एकत्र बांधलेले आणि स्टीममध्ये एका टिचकीवर आणून ठेवलेले.

एका माणसाच्या एका गेमवरच्या प्रेमातून निघालेले हे काम आज हजारो गेमना चित्र देते. त्यातल्या बहुतेकांच्या निर्मात्यांनी लिनक्सचा विचारही केलेला नव्हता.

*

आता थोडे मागे जाऊ. पोर्टवाल्यांचा मोठेपणाही नोंदवायला हवा.

१९९८ साली स्कॉट ड्रेकर या वकिलाने कॅलिफोर्नियात लोकी सॉफ्टवेअर काढली. काम एकच: विंडोजचे नावाजलेले गेम लिनक्ससाठी पोर्ट करून खोक्यात घालून विकायचे. १९९९ मध्ये 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर'ने सुरुवात झाली. मग 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३', 'रेलरोड टायकून २', 'अल्फा सेंटॉरी', 'सिमसिटी ३०००'. काम उत्तम होते, गिऱ्हाईक थोडे होते. जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद झाली.

विकलेली खोकी कुणाच्या तरी माळ्यावर असतील. टिकले ते वेगळेच. सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये लिहिलेली एसडीएल ही लायब्ररी लोकीत पोसली गेली. खिडकी, कीबोर्ड, आवाज, जॉयस्टिक यांचे काम ती कोणत्याही सिस्टीमवर एकाच पद्धतीने करून देते. ती खुली होती, म्हणून कंपनी गेली तरी ती उरली. व्हॉल्व्हचे गेम तिच्यावर उभे आहेत, लँटिंगाही पुढे व्हॉल्व्हमध्ये गेले. आवाजाच्या ओपनएएललाही लोकीचाच हातभार होता.

लोकीची गोष्ट मी पूर्वी पोर्टच्या पराभवाची म्हणून सांगायचो. आता वाटते, बंद पोर्ट कंपनीबरोबर संपले, खुली अवजारे पुढच्यांच्या हाती गेली.

*

हीच गोष्ट 'डूम'ची. डेव्ह टेलर यांनी १९९४ मध्ये तो लिनक्सवर आणला. डिसेंबर १९९७ मध्ये जॉन कार्मॅक यांनी सोर्स कोड जगासाठी खुला केला, तेव्हा दिला तो हाच लिनक्सचा कोड. कारण डॉसच्या प्रतीत आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती. तेव्हापासून 'डूम' कुठल्या यंत्रावर चालत नाही तेच सांगणे अवघड झाले आहे. कोड उघडा असला की पोर्ट कधी म्हातारा होत नाही, कारण दर पिढीत त्याला कुणीतरी हात लावते.

*

पोर्टवाल्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा ओएस/२ चा. आयबीएमने १९९२ मध्ये ओएस/२ २.० काढली. ती डॉसपेक्षा चांगला डॉस आणि विंडोजपेक्षा चांगले विंडोज आहे, अशी तिची ख्याती केली गेली; विंडोजचे प्रोग्राम तिच्यावर खरोखर छान चालायचे. मग कंपन्यांनी विचार केला: विंडोजची एक प्रत लिहिली की दोन्हीकडे चालते, तर ओएस/२ साठी वेगळे कशाला लिहायचे? ओएस/२ मागे पडण्याची कारणे अनेक होती, पण हे त्यातले एक होतेच.

दुभाषी जितका हुशार, तितकी भाषा शिकण्याची गरज कमी. या मुद्द्याला मी आजही मान देतो. याला उत्तर सोपे नाही.

*

२०१२ चा उन्हाळा. व्हॉल्व्हने 'लेफ्ट ४ डेड २' लिनक्सवर आणायला घेतला. पहिल्या चालत्या प्रतीत सेकंदाला ६ फ्रेम. काही काळाने त्याच यंत्रावर ३१५. विंडोज ७ वर त्याच यंत्रात २७०.६. त्या दिवशीचा आनंद मला अजून आठवतो.

आकड्यांपेक्षा त्यांच्यामागचे काम महत्त्वाचे. गेमचे लोक आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचे लोक एका खोलीत बसले, एकमेकांच्या कोडमधले खडे वेचले. तिथे शिकलेले परत विंडोजच्या ओपनजीएल प्रतीत घातले तर तीही ३०३.४ वर गेली. पोर्ट करताना मूळ गेमही सुधारतो, हा धडा तिथे आकड्यात दिसला.

*

त्यानंतरची चार-पाच वर्षे पोर्टचा सुगीचा काळ. १४ फेब्रुवारी २०१३ ला लिनक्ससाठी स्टीम अधिकृतपणे आले, नोव्हेंबर २०१५ मध्ये लिनक्सवर चालणाऱ्या स्टीम मशीन दुकानात आल्या. लंडनच्या फेरल इंटरॅक्टिव्हने 'एक्सकॉम', 'एलियन: आयसोलेशन', 'टूम रेडर', 'मॅड मॅक्स' असे एकापाठोपाठ एक आणले. मी जमेल ते घेत गेलो.

पण स्टीम मशीन खपल्या नाहीत, आणि पोर्टचा हिशेब जुळेना. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदा ३ टक्क्यांवर गेला. पोर्टच्या त्या काळात तर तो १ टक्क्याच्या आसपास रेंगाळत होता. शंभरांतल्या एकासाठी वेगळी प्रत, वेगळी तपासणी आणि वर्षानुवर्षे देखभाल, हे छोट्या स्टुडिओला परवडत नाही. त्यांना बोल लावता येत नाही.

*

याच काळातला 'द विचर २'. मे २०१४ मध्ये तो लिनक्सवर आला, पण पोर्ट करणाऱ्या कंपनीने आत स्वतःचा एक भाषांतराचा थरच घातला होता. सुरुवातीला गेम रखडत चालायचा, लोक चिडले, पुढे सुधारणा झाल्या. दुभाषी तिथेही होताच. फक्त तो बंद खोक्यात होता, आणि त्याला सुधारायचा हक्क एकाच कंपनीला होता.

माझे मत इथून बदलायला लागले. भांडण पोर्ट आणि दुभाषी यांच्यातले नाहीच, असे वाटू लागले. दुरुस्तीची किल्ली कुणाकडे आहे, ते पाहायला हवे.

*

अनुभवाचे एक टिपण. बारा वर्षांपूर्वी मी एक गेम मुद्दाम लिनक्स प्रत आहे म्हणून घेतला होता. नाव लिहीत नाही; त्या छोट्या चमूने जीव ओतून काम केले होते. मागच्या वर्षी पुन्हा बसवला. चालू करतो तर खिडकी उघडतच नाही. टर्मिनलमधून चालवला, एक ओळ आली: अमुक लायब्ररी सापडत नाही. ती शोधून आणली, तर दुसरी. दुसरी आणली, तर आवाज नाही, कारण आवाजाची व्यवस्था दरम्यान बदललेली. रात्री साडेबाराला हात टेकले.

मग स्टीममध्ये त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलो, कम्पॅटिबिलिटीच्या पानावर एक खूण केली. स्टीमने लिनक्सची प्रत काढून विंडोजची उतरवली आणि प्रोटॉनने ती चालू केली. आवाज, चित्र, जुनी सेव्ह, सगळे जागेवर.

आनंद झाला, आणि वाईटही वाटले. माझ्यासाठी मुद्दाम शिवलेला सदरा उसवला होता, आणि दुसऱ्यासाठी शिवलेला अंगाला बसत होता.

*

असे का होते? विंडोज जुन्या प्रोग्रामना सांभाळते. वीस वर्षांपूर्वीच्या प्रतीला जे उत्तर मिळायचे ते आजही बहुधा मिळते. वाइनने तीच उत्तरे पाठ केली आहेत. लिनक्सचे कर्नल या बाबतीत काटेकोर आहे: आधी चालणारा प्रोग्राम मोडायचा नाही, हा लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक. पण कर्नलच्या वर ज्या लायब्ऱ्यांचा थर आहे, तो बदलत राहतो. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीच्या २.३६ आवृत्तीत एक जुनी तक्ता-पद्धत वगळली गेली आणि काही गेममधले फसवणूक पकडणारे अँटी-चीट बंद पडले. लिनक्सवर सर्वांत टिकाऊ कराराची भाषा विंडोजची आहे, हे वाक्य त्या सुमारास तोंडोतोंडी झाले. ऐकायला बोचते, पण माझ्या त्या रात्रीने तेच दाखवले.

व्हॉल्व्हने त्यावर तोड काढली आहे: लायब्ऱ्यांचा एक ठरावीक संच गोठवून गेमबरोबर द्यायचा. अशा संचात बांधलेले पोर्ट आता बरेच टिकतात.

*

मॅकवाल्यांनी हे आणखी कडू रूपात पाहिले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मॅकओएस कॅटालिना आली आणि ३२-बिट प्रोग्राम बंद झाले. शेकडो नेटिव्ह पोर्ट, पैसे मोजून घेतलेले, एका अपडेटनंतर उघडेनासे झाले. कोडविव्हर्सच्या, वाइनवर उभ्या असलेल्या क्रॉसओव्हर १९ ने त्याच डिसेंबरमध्ये ३२-बिट विंडोज प्रोग्राम कॅटालिनावर चालवून दाखवले. मॅकसाठी केलेली प्रत मॅकवर चालेना, विंडोजची मात्र चालू लागली.

२०२३ च्या जूनमध्ये अॅपलने स्वतः गेम पोर्टिंग टूलकिट काढले. पाया त्याच क्रॉसओव्हरच्या खुल्या कोडचा. पण हेतू वेगळा. आधी विंडोजची प्रत दुभाष्याकडून चालवून पाहा, किती चालते ते जोखा, मग नीट पोर्ट करा. दुभाष्याला उंबरठा मानायचे, घर नाही. ही दिशा मला पटते.

*

मोठी-लहान अक्षरे. आपल्या लिपीत हा भेदच नाही, त्यामुळे मराठी माणसाला याची चिडचिड जास्त कळेल. विंडोजला इंग्रजीतले मोठे 'ए' आणि लहान 'ए' फाइलच्या नावात सारखेच. लिनक्सला ती दोन वेगळी नावे. गेमच्या कोडमध्ये 'वॉल' मोठ्या अक्षराने लिहिले आणि डिस्कवर फाइल लहान अक्षराची असेल, तर विंडोजवर भिंत दिसते आणि लिनक्सच्या पोर्टमध्ये तिथे काळे भगदाड. हजारो फाइलींत अशी एक जागा शोधणे हे पोर्ट करणाऱ्याचे रोजचे काम. वाइनला प्रत्येक नावासाठी अख्खे फोल्डर चाळावे लागायचे. २०१९ मध्ये लिनक्स ५.२ मध्ये, हव्या त्या फोल्डरपुरता हा भेद विसरायची सोय आली.

*

वरच्या टिपणाचे हे शेवटचे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. दुभाष्यासाठी घरच बदलू लागले आहे. २०२२ च्या जानेवारीत लिनक्स ५.१६ मध्ये अनेक गोष्टींची एकदम वाट पाहण्याची सोय आली, ती विंडोज गेमची गरज ओळखून. मार्च २०२५ मध्ये ६.१४ मध्ये एलिझाबेथ फिगुरा यांचे एनटीसिंक आले. अनेक कामे एकाच वेळी करताना एकमेकांची वाट पाहायची विंडोजची पद्धत आता कर्नललाच समजते. ओएस/२ च्या वेळी असे झाले नव्हते. तिथे विंडोज आत येऊन बसले. इथे गेमसाठी केलेली प्रत्येक दुरुस्ती सर्वांच्या मालकीची होते.

*

'एल्डन रिंग' २५ फेब्रुवारी २०२२ ला आला, तीन दिवसांनी स्टीम डेक हे व्हॉल्व्हचे लिनक्सवर चालणारे, हातात धरून खेळायचे यंत्र लोकांकडे रवाना होऊ लागले. विंडोजवर गेम मधूनमधून अडखळत होता. प्रोटॉनच्या लोकांनी पाहिले, की ठरावीक जागी गेम एकदम प्रचंड संख्येने हुकुमांच्या वह्या मागतो आणि मेमरीची व्यवस्था कोलमडते. त्यांनी दुभाष्यातच त्या वह्या राखून ठेवायची सोय केली. मूळ कंपनीच्या कोडला हात न लावता, दोन-चार दिवसांत, लिनक्सवर गेम अधिक सुरळीत झाला. दुभाषी चांगला असेल तर बोलणाऱ्याची घाई तो ऐकणाऱ्यापर्यंत पोचू देत नाही.

*

उलट बाजूचे टिपण. 'रॉकेट लीग'चे लिनक्स आणि मॅकचे नेटिव्ह पोर्ट होते. मार्च २०२० मध्ये कंपनीने त्यांचा ऑनलाइन खेळ बंद केला. पैसे परत द्यायची तयारी दाखवली आणि लिनक्सवाल्यांना प्रोटॉन किंवा वाइन वापरून पाहा, असेही सुचवले, अधिकृत आधाराची हमी न देता. नेटिव्ह प्रत असणे म्हणजे कायमचे वचन नव्हे, हे मला त्या दिवशी पुरते कळले.

*

दुभाष्याची हद्द कुठे संपते? अँटी-चीटपाशी. फसवणूक पकडणारे हे पहारेकरी विंडोजच्या गाभ्यात बसतात. तिथे भाषांतराचा प्रश्नच नाही. पहारेकऱ्याला हे घर परके आहे एवढेच दिसते. सप्टेंबर २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी प्रोटॉनसाठी दार उघडले, पण ते उघडायचे की नाही हे प्रत्येक गेमच्या मालकाच्या मर्जीवर. काहींनी उघडले. 'फोर्टनाइट'ने नाही. 'अॅपेक्स लेजंड्स'ने उघडले आणि ३१ ऑक्टोबर २०२४ ला परत लावून घेतले. लिनक्सच्या वाटेने फसवणूक होते असे कारण दिले.

भाच्याच्या यादीतला एक गेम असाच निघाला. मी त्याला स्पष्ट सांगितले, हा चालणार नाही, आणि यात माझ्या हाती काही नाही. तो तासभर बोलला नाही. त्याचे मित्र तिथेच खेळतात. त्याचे दुःख खरे होते.

*

नेटिव्हची जागा कुठे राहते, याचा सर्वांत सुंदर दाखला 'फॅक्टोरिओ' हा कारखाना उभारायचा गेम. कारखाना मोठा झाला की गेम सेव्ह होताना क्षणभर थिजतो. लिनक्समध्ये चालू प्रोग्रामची जुळी प्रत क्षणात काढता येते. लिनक्स आणि मॅकच्या प्रतीत ही युक्ती वापरता येते: जुळा भाऊ मागे बसून सेव्ह करतो, तुम्ही खेळत राहता. विंडोजच्या प्रतीला हे जमत नाही, म्हणून दुभाषीही ते देऊ शकत नाही. घरातली खास गोष्ट घरचाच माणूस वापरू शकतो.

दुसरा दाखला ताजा. सप्टेंबर २०२५ मध्ये 'बाल्डर्स गेट ३'ची स्टीम डेकसाठी नेटिव्ह प्रत आली. गेम बनवणाऱ्या लॅरियन कंपनीतल्या एका इंजिनिअरने कामाचे तास संपल्यावर ती करायला घेतली होती. प्रोटॉनवर गेम चालत होताच, तरी अशक्त यंत्रावर प्रोसेसरचा थोडा भार वाचावा म्हणून. दुभाष्याने लोक जमवले, मग त्यांच्यासाठी कुणाला तरी रूपांतर करावेसे वाटले. ओएस/२ ची भीती बाळगणाऱ्या मला या बातमीने धीर दिला.

*

तेव्हा माझे मत, भाच्यासाठी चार ओळींत:

कुणी लिनक्सची प्रत मनापासून सांभाळत असेल तर तीच घे, आणि विकत घे. सांभाळणारा निघून गेला असेल तर दुभाष्याकडे जा, त्यात कमीपणा नाही. नेटिव्ह असो वा भाषांतरित, 'आपले' तेच जे बिघडले तर आपल्यातल्या कुणालातरी उघडून दुरुस्त करता येते. बंद पोर्ट दिलेली वस्तू आहे. खुला दुभाषी हा सगळ्यांचा पाणवठा आहे, आणि तो स्वच्छ ठेवणे पाणी भरणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.

*

भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी निघायचे होते. त्याचा एक जुना गेम चालू झाला, पण सुरुवातीच्या चित्रफितीच्या जागी रंगीत उभे पट्टे, जुन्या दूरदर्शनवर कार्यक्रम सुरू होण्याआधी दिसायचे तसे. "बिघडलाय," तो म्हणाला.

बिघडलेला नव्हता. चित्रफीत ज्या पद्धतीने दाबून ठेवलेली असते तिचे परवाने दुसऱ्यांकडे असतात. प्रोटॉनला ती उलगडता आली नाही की तो जागा राखायला हे पट्टे लावतो. कोणता गेम प्रोटॉनवर कसा चालतो हे लोक जिथे लिहून ठेवतात त्या प्रोटॉनडीबी या साइटवर आम्ही त्या गेमचे पान काढले. तिथे कुणीतरी दोन वर्षांपूर्वी लिहिले होते: लोकांनी बांधलेली जीई-प्रोटॉन ही आवृत्ती वापरा, व्हिडिओ दिसतो. ती उतरवली, गेम पुन्हा चालू केला. पट्टे गेले. समुद्र आला, जहाज आले, संगीत सुरू झाले. त्याने ती चित्रफीत एकदाही न टाळता शेवटपर्यंत पाहिली.

मग त्याला म्हटले, आता तू लिही. कार्ड कोणते, ड्रायव्हर कोणता, प्रोटॉनची आवृत्ती कोणती, आधी काय दिसत होते, काय केल्यावर नीट झाले. अर्धा तास लागला. इंग्रजीची स्पेलिंग मला विचारून विचारून पाच ओळी झाल्या. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून तो थांबला.

"मामा, हे कुणी वाचेल का पण?"

"आत्ता तू कुणाचं तरी वाचलंसच ना," मी म्हणालो.

त्याने बटण दाबले.